डावीकडचा ब्रेक

मगदूम मॅडमना ओळखत नाही असा माणूस मिरजेत शोधायचा तर तो बाहेरगावाहून आणावा लागेल. 'वैजयंती मोटार ट्रेनिंग स्कूल' अशी पाटी त्यांनी लावली, तेव्हा बाईमाणूस गाडी काय शिकवणार म्हणून चौकात लोक दात काढत होते. पुढे त्याच लोकांची पोरं, सुना आणि जावई त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत होते. 'अरे, आरशात स्वतःचा भांग काय बघतोस, मागचा ट्रक बघ की!' असली बोलणी खाऊन एकेक जण पास झाला. आता गाड्या आपल्या आपणच चालतात. पत्ता सांगायचा, डोळे मिटायचे आणि पोचलं की उतरायचं. तरी मॅडमनी आपली गिअरची जुनी पांढरी गाडी मोडीत काढली नाही. अजूनही हौस म्हणून चारदोन जण शिकायला यायचे. आपण कुठं चाललोय हे ज्याच्या स्वतःच्या हातांना कळत नाही त्यानं घरी बसावं, असं त्या कुणालाही तोंडावर सांगत.

अशा बाईच्या कानात बसून एक वाटाण्याएवढं मशीन जवळजवळ वर्षभर तिला गंडवत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आता बोला!

त्या मशीनचं नाव 'सुगम'. लोक त्याला नुसतं मणी म्हणत. मणी आला तेव्हा लोकांना खरंच हायसं वाटलं होतं. त्याआधी कशी गंमत असायची? डॉक्टर 'बिनाइन' म्हणाले की घरी रडारड, आणि बिनाइन म्हणजे तर साधी गाठ, जिवाला धोका नसलेली. उलट 'मेटास्टॅसिस' म्हणाले की लोक विचारायचे, बरं, गोळ्या जेवणाआधी की नंतर? रोग मूळ जागा सोडून शरीरात दुसरीकडे जाऊन बसलाय, हे त्यांना सांगणार कोण! 'स्टेबल' ऐकलं की मंडळी देवाला नारळ फोडायची. स्टेबल म्हणजे फक्त आहे तिथंच आहे, अतिदक्षता विभागात नळ्या लावून निजवलेला माणूससुद्धा स्टेबल असू शकतो, हे कुणाच्या गावीही नसायचं.

मण्यानं हा घोळ मिटवला. कानात घातला की तो डॉक्टरचं बोलणं ऐके, त्याच वेळी रिपोर्ट वाचे आणि कानाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरून ऐकणाऱ्याची नाडी मोजे. लाखो पेशंटांची बोलणी ऐकून तो शिकला होता की कुठल्या शब्दाला कुणाचं काळीज धडधडतं. डॉक्टर बोलू लागले की बाहेरचा आवाज दाबून टाकायचा आणि तीच गोष्ट साध्या मराठीत, समजेल पण धडकी भरणार नाही अशा बेतानं सांगायची, हे त्याचं काम. खरी गोम इथंच होती. माणसाला किती समजलं हे मोजायचं साधन मण्याकडे नव्हतं. नाडी मोजायचं होतं. त्यामुळे जे मोजता येतं तेवढंच तो हळूहळू सांभाळायला लागला. नाडी शांत, म्हणजे काम फत्ते.

त्यात भर घातली आपण. वॉर्डाबाहेर डॉक्टरला गाठून 'पेशंटला एवढं सांगू नका हं साहेब' म्हणायची आपली रीत काही आजची नाही. मणी बनवणाऱ्यांनी त्या रीतीला एक बटण दिलं. भरती होताना नातेवाइकाच्या मोबाइलवर विचारणा येई, रुग्णाला किती सांगायचं? सगळं, बेताचं की हलकं? बहुतेक जण मायेपोटी 'हलकं' दाबत आणि त्यांना सुटल्यासारखं वाटे.

डॉक्टरांच्याही कानात मणी असे. पेशंट 'पोटात कसंसंच होतंय' म्हणाला की तो त्याची डॉक्टरी भाषा करून देई. मग काय, डॉक्टरांनी सांगणंही सोडलं आणि ऐकणंही. कॉलेजात ते शिकवणं बंद झालं. नवे डॉक्टर पेशंटसमोर उभे राहून एकमेकांत बोलावं तसं भराभर बोलत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

मगदूम मॅडमना एवढं माहीत होतं की आपल्याला अंडाशयाचा कॅन्सर होता. 'होता' असंच त्या म्हणत. ऑपरेशन झालं, गाठ काढली आणि आता पुन्हा होऊ नये म्हणून सलाइनमधून औषधं चालू आहेत. गेले काही दिवस पोट टम्म फुगत होतं, स्टिअरिंगला टेकत होतं. मनात पाल चुकचुकायची. पण विचारलं की कानातला गोड आवाज म्हणायचा, 'औषधांनी असं पाणी साठतं कधी कधी. तुम्ही छान सहन करताय.' छान म्हटल्यावर बाई गप्प बसायच्या.

औषध चढवायच्या हॉलमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मुमताज बागवान असायची. फळांच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या घरातली ही बाई एके काळी मॅडमकडेच गाडी शिकली होती आणि मग वर्षानुवर्षं तिनं स्वतः द्राक्षांचा टेम्पो मार्केटला नेला होता. दोघींचं दुखणं एकच, औषधही एकच. सलाइन चालू असताना दोघी गावभरच्या लोकांची उणीदुणी काढत आणि नर्सबाईंची बोलणी खात.

त्या दिवशी डॉ. अनुजा नायकवडी राउंडला आल्या. तरुण पोरगी, हुशार, सदा घाईत. दोघींच्या खुर्च्यांच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी हातातल्या पडद्यावर बघितलं, दोघींना मिळून काहीतरी झटपट सांगितलं, मान हलवली आणि निघून गेल्या.

मॅडमच्या कानात मणी म्हणाला, 'सगळं छान चाललंय. शरीराला या औषधाची सवय झालीय, म्हणून आता जरा वेगळं देऊ. त्यासाठी थोडे दिवस पुण्याला राहायचं. सोमवारी सविस्तर बोलू.'

"चला, पुणं तर पुणं," मॅडम खुशीत म्हणाल्या. "पोराचं घर तिथंच आहे. येताना एक साडी घेऊन येईन, बघच तू."

पलीकडे मुमताज ओढणी तोंडात कोंबून रडत होती.

"काय गं, काय झालं?"

"मॅडम, तुमी हसताय? तिनं सांगितलं ते ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं की. औषध बदलणार म्हणाली."

"का बदलणार ते ऐकलं न्हाई? दोघींचं पण वाढलंय. औषध लागूच पडलं न्हाई."

"काय वाढलंय?"

मुमताजनं डोळे पुसून त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या ध्यानात काय आलं कुणास ठाऊक, तिचा आवाज एकदम खाली आला. "आपला कॅन्सर, मॅडम. दुसरं काय वाढणार?"

त्याच क्षणी कानात मणी बोलू लागला, 'दीर्घ श्वास घ्या, तुम्ही सुरक्षित आहात.' नाडी पकडली होती त्यानं! मॅडमनी तो कानातून उपटून काढला. हॉलभर टिंग-टिंग वाजायला लागलं. नर्स धावत आली, म्हणाली, "मॅडम, मणी काढायचा नसतो हो."

"कान माझा आहे. काय घालायचं ते मी ठरवीन. जा तू."

नर्स गेली. मॅडम खुर्चीतच मुमताजकडे वळल्या. "तुझ्या मण्यात काय वेगळं आहे गं?"

"माझं बटण मीच दाबलं. भरतीला कोण येणार? सगळे मार्केटला. मी म्हटलं, सगळं सांगा. मग माझ्या मण्यात आधी डॉक्टरचा शब्द येतो आणि पाठोपाठ त्याचा अर्थ." मुमताज नाक ओढत म्हणाली. "पैल्यांदा लई रडले. जेवण जायचं न्हाई. पण मग भाऊबंदांना जमवून दुकानाची वाटणी केली, धाकटीचं लग्न उरकलं. माहीत होतं म्हणून झालं."

मॅडमना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त संताप येत होता. वर्षभर आपण 'हो' म्हणत आलो. या सुईला हो, त्या तपासणीला हो. कशाला हो म्हणतोय हेच माहीत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मला ते शब्द शिकव."

"कशाला मॅडम, आता?"

"रस्त्यावरच्या खुणा पाठ नसताना मी कधी तुझ्या हातात गाडी दिली होती का? मग! चल, सुरू कर."

मुमताजनं सांगितलं. रिमिशन म्हणजे रोग दिसेनासा झाला, पण कायमचा गेला असं नव्हे. रिलॅप्स म्हणजे परत आला. प्रोग्रेशन म्हणजे औषध चालू असतानाही तो वाढतोय. असायटिस म्हणजे पोटात साठणारं हे पाणी, आणि त्याच्या पुढे मॅलिग्नंट लागलं तर ते पाणी कॅन्सरनंच आणलंय असं समजायचं. मॅडम प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होत्या. चुकलं की पुन्हा म्हणत होत्या. एका शब्दापाशी मुमताज घुटमळली.

"सांग की. लाजतेस काय?"

"पॅलिएटिव्ह. म्हणजे रोग काढायचा न्हाई, कारण तो निघत न्हाई. पण दुखणं, धाप, उलट्या, ह्यांना आवरायचं. जेवढं हाय तेवढं माणसाला नीट जगू द्यायचं."

"आपल्याला चालू आहे ते हेच?"

"व्हय, मॅडम. पैल्यापासनं न्हाई. पण आता हेच."

शनिवारी संमेद आला. मॅडमचा हा एकुलता एक मुलगा पुण्यात आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत कामाला होता. गाडी शिकवणाऱ्या बाईचा पोरगा, पण स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. दर शनिवारी तो यायचा, आईचे पाय चेपायचा, तिच्या औषधांच्या गोळ्या लावून ठेवायचा. वाईट पोरगा नव्हता हो. उलट फार जीव लावणारा होता, आणि सगळी भानगड तिथंच होती.

मॅडमनी त्याला गरम आमटी-भात वाढला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "संमेद, तू कुठलं बटण दाबलंस? सगळं, बेताचं की हलकं?"

त्याचा हात ताटातच थांबला.

"घास गिळ आधी. मग सांग."

"हलकं," तो खाली मान घालून म्हणाला. "आई, तू तेव्हा जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. मला बघवत नव्हतं."

"झोप माझी, पोट माझं, रोग माझा. बटण तेवढं तुझं?"

"मी तुझ्यासाठीच..."

"ते कळलं मला. माझ्यासाठीच केलंस म्हणून तर एवढा राग येतोय! दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते."

संमेदचे डोळे भरून आले. "आई, ऐक ना. तुला वाटतंय तेवढं वाईट नाहीये. परत आलाय हे खरं. पण पुण्याचं औषध घेतलं की आवाक्यात येईल. मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दोन-चार वर्षं काळजी नाही. मी म्हटलं, तेवढं होऊ दे, बरी झालीस की सगळं सांगू."

"तुला सांगितलं कुणी? डॉक्टरनं की मण्यानं?"

"एकच की ते."

मॅडमनी त्याच्या कानाकडे निरखून बघितलं.

"आणि आपल्या घरात कुणाला सांगितलंय आजवर?" संमेद म्हणाला. "आजोबांना सांगितलं होतं का?"

"नव्हतं. म्हणूनच म्हणते." मॅडमचा आवाज प्रथमच हलला. "तुझे आजोबा अंथरुणाला खिळले तरी म्हणत होते, बरा झालो की श्रवणबेळगोळच्या डोंगरावर जाऊन येऊ. आणि आपण सगळे त्यांच्याभोवती उभे राहून माना डोलावत होतो. त्यांना ठाऊक असतं, तर चालता येत होतं तेव्हाच गेले असते ना रे ते!"

आमटी निवत होती.

"माझ्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक आहे," मॅडम म्हणाल्या. "शिकणाऱ्याला सुरुवातीला वाटतं, गाडी आपणच थांबवली. खरं म्हणजे पाय माझा असतो. पण एक दिवस मी त्याला ते सांगते. सांगते आणि पाय काढून घेते. न सांगता कायमचा पाय ठेवला तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत, फसवणं म्हणतात. तू वर्षभर पाय ठेवून बसलायस, संमेद. सोमवारी काढायचा."

सोमवारी मॅडम स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात गेल्या. पोट आडवं येत होतं, सीट पार मागं घ्यावी लागली, तरी गेल्या. संमेद शेजारी बसला होता. डॉ. नायकवडींच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी पर्समधून बडीशेपेची स्टीलची डबी काढली, बडीशेप रुमालात रिकामी केली आणि आपला मणी डबीत टाकला.

"संमेद, तुझा."

त्यानं निमूटपणे दिला.

"डॉक्टर, तुमचाही."

"मॅडम, असं नाही चालत," डॉक्टर गडबडून म्हणाल्या. "मण्याशिवाय झालेलं बोलणं सिस्टीम धरत नाही. तुमची संमती ग्राह्य होणार नाही."

"मी संमती द्यायला आलेच नाही. ऐकायला आलेय. टाका."

भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, 'रुग्णाचा मणी कानात नाही. संवाद सुरू करता येत नाही.'

"तुला कोण विचारतंय रे?" मॅडमनी भिंतीला सुनावलं.

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, कानातला मणी काढला आणि डबीत टाकला. मॅडमनी झाकण दाबून बसवलं.

"हं. आता सांगा."

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि सुरू केलं. "सेकंड लाइनवर प्रोग्रेशन आहे, पेरिटोनियल डिसीज वाढलाय, मॅलिग्नंट असायटिस आहे, त्यामुळे ट्रायल ड्रगसाठी एलिजिबिलिटी..."

"थांबा, थांबा! प्रोग्रेशन कळलं. असायटिस कळलं. पण गाडी तुम्ही एकदम चौथ्या गिअरमध्ये काढलीत. ती बंदच पडणार. पहिल्या गिअरमध्ये घ्या. एक वाक्य, साधं, माझ्याकडे बघून."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. हात सवयीनं कानाकडे गेला, तिथं काहीच नव्हतं.

"मला येत नाही, मॅडम," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मी आजपर्यंत कुणालाही हे माझ्या तोंडानं सांगितलेलं नाही."

समोर बसलेली ही पोरगी किती घाबरलीय, हे मॅडमना तेव्हा दिसलं. पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसणाऱ्यांचे असे चेहरे त्यांनी जन्मभर बघितले होते.

"मग माझ्यावर शीक, बाळ," त्या म्हणाल्या. "मी खमकी आहे. चुकलीस तर सांगेन. चल."

"तुमचा कॅन्सर..." डॉक्टर थांबल्या. पुन्हा सुरू केलं. "तुमचा कॅन्सर परत आलाय."

"हं. पुढे."

"पोटात सगळीकडे पसरलाय. पाणी त्याच्यामुळेच साठतंय. आपण दिलेल्या औषधांनी तो थांबला नाही."

"बरा होईल?"

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी नजर हलवली नाही. "नाही. बरा होणार नाही."

मुमताजनं सांगितलं होतं तरी मॅडमना भीती वाटली, फार वाटली. पण ही भीती त्यांची स्वतःची होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं.

"नीट सांगितलंस," त्या म्हणाल्या. "आता पुण्याचं सांग."

"ते नवीन औषध आहे. दहांतल्या एखाद-दुसऱ्या पेशंटला थोडे आठवडे जास्त मिळतात. पण त्यातले बरेचसे आठवडे बंद खोलीत जातात. उलट्या, अशक्तपणा, शिवाय जंतुसंसर्गाचा धोका. कुणाला भेटता येत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"काही महिने. नक्की किती, हे कुणालाच सांगता येत नाही. पण पोटातलं पाणी काढता येईल, दुखणं आवरता येईल. घरी राहता येईल. त्यासाठी मी इथं आहे."

"खोटं आहे हे!" संमेद ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "मला तुम्ही दोन-चार वर्षं म्हणाला होतात! याच खोलीत, गेल्याच महिन्यात!"

"मी असं कधीच म्हटलेलं नाही," डॉक्टर चकित होऊन म्हणाल्या. "तेव्हाही मी महिनेच म्हटलं होतं."

तिघांचीही नजर एकदम डबीकडे गेली.

"तुमच्याही कानात मणी होता ना," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "नातेवाइकांना स्वतःला किती सांगायचं, याचं बटण नसतं. त्यांचं तो आपणच ठरवतो, नाडी बघून. तुमची त्या दिवशी फार वाढली असणार. मी तर समजत होते, मणी सगळं सांगतोय."

आईपासून संमेदनं जे जिवापाड लपवून ठेवलं होतं, ते त्याला स्वतःलाच कधी मिळालं नव्हतं. खाली बसून त्यानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

"आई, मी तुझं वर्ष घालवलं गं."

"घालवलंस," मॅडम म्हणाल्या. पोराला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते हलकं केलं नाही. पण हात त्याच्या केसांवरून फिरत राहिला. "आता उरलेलं घालवू नकोस म्हणजे झालं." मग त्यांनी मान वर केली. "डॉक्टर, पुण्याचं नको. मी घरी राहणार. तुझं ते पाणी काढायचं आणि दुखणं आवरायचं, ते हवं."

"सिस्टीम तुमचा नकार धरणार नाही, मॅडम. मण्याशिवाय..."

"तू ऐकलास ना? मग तू धर."

"धरला," डॉक्टर म्हणाल्या. डबीतून बारीक आवाज येत होता, 'कृपया मणी कानात घाला, कृपया मणी कानात घाला.' डॉक्टरांनी डबी उचलून टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावला. मग त्या मोकळ्या कानांनी बाहेर हॉलमध्ये गेल्या. मगदूम मॅडम बाहेर पडल्या तेव्हा डॉक्टर मुमताजच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसल्या होत्या. मुमताज आपल्या मुलीबद्दल काहीतरी सांगत होती आणि डॉक्टर ऐकत होत्या. आजूबाजूचे दोघं-तिघं आपापले मणी काढून कान टवकारून बसले होते, आणि हॉलभर टिंग-टिंग वाजत होतं.

संमेदनं मोबाइल काढला. "आई, मी आपोआप चालणारी गाडी मागवतो. तू दमली असशील."

"दमलेय. पण ही कशाला आहे?" मॅडमनी पांढऱ्या गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. हॉस्पिटलच्या मागं मोकळं मैदान होतं, बाभळी आणि दगड सोडले तर तिथं कुणी नव्हतं. "रस्त्यावर नंतर, लर्निंग लायसन्स निघालं की. आज इथं. बस उजवीकडे."

"मला येत नाही, आई."

"म्हणूनच तर."

तो स्टिअरिंगमागं बसला. रडून रडून डोळे सुजले होते. मॅडम पोट सांभाळत डावीकडे बसल्या. त्यांनी त्याला क्लच दाखवला, गिअर दाखवला. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली.

"तुझा पाय ब्रेकवर आहे ना?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय मागं ओढून सीटखाली घेतले. "बघून घे. आता तुझा तूच."

संमेदनं वाकून बघितलं. मग समोर बघितलं. "किती दिवस लागतील शिकायला?"

"माझ्याजवळ आहेत तेवढ्यात होईल. आणि शिकलास की श्रवणबेळगोळला जायचं. तू चालवायचीस. डोंगर तू चढ, मी पायथ्याशी बसेन."

"आई, बरी झालीस की..." सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तो थांबला. ओठ चावून त्यानं आईकडे बघितलं.

मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या. "पुन्हा म्हण. नीट."

"मी शिकलो की जाऊ," संमेद म्हणाला.

"हं. आता क्लच सोड. हळू."